संयुक्त ‘मानापमान’ आणि केशवराव भोसले

नटाच्या कीर्तीस एक चमत्कारिक शाप आहे. कवीचें काव्य त्याच्या मागें राहतें, चित्रकाराचा पट भिंतीवर टांगलेला राहतो, आणि शिल्पकाराची मूर्ति तर शतकानुशतकें उभी असते. परंतु नटाची कृति नटाच्या देहाहून निराळी अशी कधींच नसते. पडदा पडला कीं ती संपते, आणि देह पडला कीं ती पुन्हां होण्याची आशाहि संपते. मागें उरते ती पाहणारांची आठवण. ही आठवण साक्षीदार म्हणून जितकी प्रेमळ तितकीच पक्षपाती असते, आणि इतिहास लिहूं पाहणारास तिच्यावांचून दुसरा आधार बहुधा सांपडत नाहीं.

मराठी रंगभूमीच्या इतिहासांत ह्या पक्षपातास सर्वांत अधिक बळी पडलेली अशी एखादी रात्र निवडावयाची झाली, तर आम्ही ८ जुलै १९२१ ची रात्र निवडूं. त्या रात्रीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन मंडळ्यांनीं मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा प्रयोग केला. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, भामिनीच्या वेषांत होते, आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या. ह्या प्रयोगाच्या पाठोपाठ संयुक्त ‘सौभद्र’हि झालें, पण लोकांच्या मनांत घर करून राहिली ती ‘मानापमाना’ची रात्र. पुढें ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव विषमज्वरानें वारले. दोहोंमध्यें अवघे ८८ दिवस गेले होते. त्या रात्रीचा प्रेक्षक आज हयात असणें शक्य नाहीं, तरी त्या भेटीची कथा आजोबांकडून नातवांस आणि नातवांकडून पणतवांस पोंचत आली आहे, आणि कथा सांगणारा शेवटीं एकच प्रश्न विचारतो : “बाजी कोणीं मारली?”

हा प्रश्नच मुळांत अन्यायाचा आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यापूर्वीं ह्या दोन पुरुषांची आणि त्यांस एकत्र आणणाऱ्या कारणाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

दोघांच्या चरित्रांत साम्य पुष्कळ आहे. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा, केशवरावांचा ९ ऑगस्ट १८९० चा. म्हणजे वयांत अंतर दोनच वर्षांचें. दोघेहि बालवयांतच गाण्यामुळें लोकांच्या नजरेस आले, दोघांनींहि प्रथम स्त्रीभूमिकांत नांव मिळविलें, आणि दोघांवरहि कोल्हापूरच्या शाहूमहाराजांचा लोभ होता. नारायणराव लहान असतां लोकमान्य टिळकांनीं त्यांचें गाणें ऐकून त्यांस ‘बालगंधर्व’ म्हटलें आणि तें नांव त्यांस जन्मभर चिकटलें, ही कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. पुढें त्यांच्या कानाच्या दुखण्यावर शाहूमहाराजांच्या आश्रयानें उपचार झाले, आणि १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारल्यापासून त्या मंडळींत जी जागा रिकामी पडली होती, ती हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतलेच्या वेषांत पुढें आला तेव्हां भरून निघाली. १९१३ सालीं त्यांनीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस ह्यांच्या सोबतीनें गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

केशवरावांची वाट याहून खडतर होती. कोल्हापुरांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच वडिलांस अंतरला, आणि शाळेंत बसण्याच्या वयांत स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत येऊन पडला. त्या काळच्या नाटक मंडळींतील पोरांचें जिणें कसें असे, हें जुन्या नटांचीं आत्मवृत्तें वाचणारास ठाऊक आहेच : पहाटे तालीम, दिवसा कामें, रात्रीं जागरण. ह्या मुशींतूनच देवलांच्या ‘शारदा’ नाटकांतील नायिका म्हणून केशवराव बाहेर पडले आणि कीर्तीस चढले. पुढें मालकांचा आश्रय सोडून १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस त्यांनीं स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली, तेव्हां त्यांचें वय अठरावें होतें. ज्या वयांत इतर मुलें परीक्षेच्या काळजींत असतात, त्या वयांत ह्या मुलाच्या शिरावर एका मंडळीच्या पोटापाण्याची काळजी आली. वीर वामनराव जोशी ह्यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकांतील त्यांची मृणालिनी गाजली. मामा वरेरकरांसारख्या नव्या नाटककारास ‘हाच मुलाचा बाप’ ह्या हुंडाविषयक नाटकानें ह्याच मंडळीनें पुढें आणिलें. पुढें पुढें केशवराव स्त्रीवेष सोडून पुरुषभूमिका करूं लागले होते, आणि लोक त्यांस ‘संगीतसूर्य’ म्हणूं लागले होते.

‘गंधर्व’ आणि ‘सूर्य’ ह्या दोन उपाधींतच दोघांच्या गाण्यांतील भेद आला आहे, असें म्हटलें तरी चालेल. नारायणरावांचा गळा मधुर. शब्दास गोंजारून, लयीशीं लाडिकपणें खेळून ते अर्थ उलगडीत. केशवरावांचा आवाज चढा, दमदार आणि तेजस्वी. ते जोमानें तान घेत. पहिल्याच्या गाण्यांत श्रोता विरघळे, दुसऱ्याच्या गाण्यांत ताठ होऊन बसे. साहजिकच महाराष्ट्रांत दोन तट पडले. मुंबईपुण्याच्या चहाच्या दुकानांपासून कचेऱ्यांपर्यंत ह्या दोन पक्षांचे वाद रंगत, आणि प्रत्येक पक्षास आपल्या नटाच्या गुणांइतकाच दुसऱ्याच्या दोषांचा अभिमान असे. दोघांचें खेळाचें गांव पुष्कळदां एकच असे, पण रंगमंच मात्र निराळा. त्यामुळें तुलना करणारास आज एकाचें ऐकून उद्यां दुसऱ्याचें ऐकावें लागे. दोघांस एका वेळीं समोरासमोर ऐकण्याचा योग येईल, अशी कोणास कल्पनाहि नव्हती.

तो योग ज्यानें आणिला, त्या कारणाचा नाट्यकलेशीं कांहींच संबंध नव्हता. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस वारले. त्यांचें स्मारक म्हणून टिळक स्वराज्य फंड उभारण्याचें ठरलें, आणि १९२१ च्या मार्चअखेरीस बेझवाडा येथें भरलेल्या काँग्रेसच्या बैठकींत ३० जूनपर्यंत एक कोट रुपये जमा करण्याचा संकल्प झाला. त्या तीन महिन्यांत देशभर जी लाट उसळली, तिनें व्यापारी, वकील, विद्यार्थी, स्त्रिया ह्या सर्वांस हलविलें. नाटकवाल्यांस ती कशी सोडणार? जुलैच्या आरंभीं मुदत नुकतीच उलटली होती, परंतु उत्साह ओसरला नव्हता. ज्या लोकमान्यांनीं एका बालकास गंधर्व म्हटलें, त्यांच्याच नांवाच्या फंडासाठीं तो बालक, आतां तेहेतीस वर्षांचा कीर्तिमान् नट, आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यास आपल्या घरीं बोलावीत होता. आणि तो प्रतिस्पर्धी येत होता.

‘आपल्या घरीं’ हे शब्द आम्हीं मुद्दाम योजिले आहेत. ‘मानापमान’ हें गंधर्व मंडळीच्या हक्काचें नाटक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लोकमान्यांचे ‘केसरी’तील सहकारी, त्यांचें ‘कीचकवध’ सरकारनें १९१० सालीं बंद केलें, आणि पुढच्याच वर्षीं, १२ मार्च १९११ रोजीं, मुंबईच्या रिपन थिएटरांत किर्लोस्कर मंडळीनें ‘मानापमान’ प्रथम रंगभूमीवर आणिलें. गोविंदराव टेंबे ह्यांनीं त्याच्या पदांस ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या, आणि त्या चालींनीं मराठी नाट्यसंगीताचें अंगच पालटून गेलें. पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच नारायणरावांची मुलगी वारली, आणि तरीहि त्यांनीं प्रयोग न थांबवितां भामिनी उभी केली. अशा रीतीनें ज्या भूमिकेशीं त्यांचें सुख आणि दुःख दोन्ही जडलेलीं होतीं, ती दहा वर्षांत त्यांच्या रक्तांत भिनली होती. केशवराव तेथें पाहुणे होते. त्यांस उभें राहावयाचें होतें तें दुसऱ्याच्या अंगणांत, दुसऱ्याच्या पायाखालीं मळलेल्या वाटेवर, आणि तेंहि ज्या प्रेक्षकांतील अर्धे लोक त्यांच्या चुका टिपण्यास टपलेले, अशा प्रेक्षकांपुढें.

पण धोका केवळ पाहुण्यासच होता असें नव्हे. त्या काळच्या नाटक मंडळीची आर्थिक घडी ज्यांस माहीत आहे, त्यांस यजमानाच्या धोक्याचीहि कल्पना येईल. मंडळी म्हणजे एक मोठें कुटुंब. नट, साथीदार, आचारी, पडदेवाले, कपडेवाले अशीं कित्येक माणसें एकाच पंक्तीस जेवीत, आणि त्या सर्वांचें अन्न एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून असे. तो गळा ‘अद्वितीय’ आहे ह्या लोकांच्या विश्वासावर तिकिटें खपत. त्याच्या शेजारीं दुसरा तितकाच मोठा गळा उभा करणें म्हणजे आपलें अद्वितीयत्व आपणच पणास लावणें होय. एखाद्या पदास एकास तीन ‘वन्समोअर’ पडले आणि दुसऱ्यास एक, तर त्याची चर्चा गांवोगांव जाऊन पुढच्या दौऱ्याचें उत्पन्न घटण्याची भीति. हें सर्व नारायणराव जाणत नव्हते, किंवा केशवराव जाणत नव्हते, असें कोण म्हणेल ? दोघेहि मंडळीचे धनी होते. जाणूनहि दोघे उभे राहिले, आणि उत्पन्न फंडाकडे गेलें.

आतां नाटकाकडे वळूं. ‘मानापमाना’चें कथानक शौर्य आणि संपत्ति ह्यांच्या झगड्यावर उभें आहे. धैर्यधर हा शूर पण निर्धन वीर. भामिनी ही श्रीमंताची मानी कन्या. त्याच्या दारिद्र्यामुळें ती त्याचा अपमान करते. मग वनमालेचें सोंग घेऊन त्याच्या छावणींत वावरते, त्याचें मोठेपण जवळून पाहते, आणि आपल्या गर्वाचा त्याग करून त्यास वरते. धनाच्या जोरावर मिरविणारा भित्रा लक्ष्मीधर हा ह्या दोघांच्या मधला विनोद. म्हणजे ह्या नाटकाचें सारें सौंदर्य धैर्यधर आणि भामिनी ह्यांनीं एकमेकांस ओळखण्यांत आहे. दोघांपैकीं एकानें दुसऱ्यास झांकलें, तर नाटक कोसळतें. धैर्यधर फिका पडला, तर भामिनीचें मतपरिवर्तन खोटें वाटतें. भामिनी फिकी पडली, तर तिच्या अपमानाची धार बोथट होते आणि धैर्यधराचा मान राखण्यास कांहीं उरत नाहीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘बाजी कोणीं मारली’ ह्या प्रश्नाची पोकळी आपोआप दिसूं लागते. त्या रात्रीं नाटक रंगलें, ह्याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नाहीं. कोणी सांगतात, केशवरावांनीं आपल्या पदांनीं थिएटर दणाणून सोडलें. कोणी सांगतात, त्या दणाणण्यावर बालगंधर्वांनीं आपल्या माधुर्यानें मात केली. दोहोंसहि एकदम खरें मानण्यास आम्हांस कांहींच अडचण दिसत नाहीं. संगीत नाटकांत एकाचें पद संपतें तेथें दुसऱ्यानें भाषण उचलावयाचें असतें. टाळ्यांच्या गजरांत थांबून, समोरच्यास त्याचा मान घेऊं देऊन, मग आपला सूर लावावयाचा असतो. समोरचा गात असतां आपण कोठें पाहावें, किती हलावें, त्याच्या पदाचा परिणाम आपल्या मुद्रेवर कसा उमटावा, हें ज्यास कळतें तोच नट. एरवीं तो केवळ गवई. प्रतिस्पर्ध्याचें गाणें रंगभूमीवर उभें राहून ऐकणें, आणि तें आवडल्याचें पात्राच्या मुखानें प्रेक्षकांस दाखविणें, ही त्या रात्रीची खरी कसोटी होती. ती दोघांसहि साधली नसती, तर लोकांस दोन मैफली ऐकल्याचें स्मरण राहिलें असतें, ‘मानापमान’ पाहिल्याचें राहिलें नसतें.

मग हा जयपराजयाचा वाद इतकीं वर्षें कां टिकला ? ह्याचें उत्तर त्या रात्रींत नसून तिच्या नंतरच्या काळांत आहे, असें आम्हांस वाटतें. केशवराव त्या प्रयोगानंतर ८८ दिवस जगले. बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजीं वारले, म्हणजे ४६ वर्षें आणि ७ दिवस जगले. एकास महाराष्ट्रानें एकतिसाव्या वर्षीं, भर माध्यान्हीं, गमाविलें. त्याचा आवाज बसलेला कोणीं ऐकला नाहीं, त्याचें शरीर सुटलेलें कोणीं पाहिलें नाहीं, त्याची मंडळी कर्जांत बुडतांना कोणास पाहावी लागली नाहीं. दुसऱ्यानें हें सर्व लोकांच्या डोळ्यांदेखत भोगलें : कर्जें फेडलीं, बोलपटांच्या काळांत ‘धर्मात्मा’ चित्रपटांत काम केलें, पुन्हां रंगभूमीवर आला, आणि अखेरच्या वर्षांत पाय अधू झाल्यावर बसून गायला. १९६४ सालीं त्यास ‘पद्मभूषण’ मिळालें खरें. पण तोंपर्यंत ज्यांनीं त्याची भामिनी ऐन भरांत पाहिली होती, त्यांतील बहुतेक निघून गेले होते.

ह्यामुळें अन्याय दोघांवरहि झाला आहे. केशवरावांच्या भक्तांनीं त्या रात्रीच्या तरण्या सूर्याची तुलना पुढच्या थकलेल्या गंधर्वाशीं केली, आणि आपल्या पक्षाचा जय सहज सिद्ध केला. उलट, गंधर्वभक्तांच्या हातीं ध्वनिमुद्रिकांचा मोठा सांठा आहे. तो आवाज आजहि घरोघर ऐकूं येतो, आणि ज्याचा आवाज ऐकूं येतो त्याचा पक्ष न्यायासनापुढें नेहमींच बळकट ठरतो. केशवरावांविषयीं मात्र आम्हां बहुतेकांस लोकांच्या शब्दांवरच विसंबावें लागतें. एकाचा पुरावा आठवणीनें वाढविलेला, दुसऱ्याचा यंत्रानें राखलेला. ह्या दोन विजातीय पुराव्यांवरून निकाल देऊं पाहणारा न्यायाधीश आपलें हसें करून घेईल. मृतास पुन्हां गाण्यास बोलावितां येत नाहीं, आणि म्हणून त्याच्याशीं स्पर्धाहि लावतां येत नाहीं.

त्या भेटीची किंमत ठरवावयाची ती तिच्या मागें काय उरलें ह्यावरून ठरविणें बरें. केशवरावांनीं अंतकाळीं आपली मंडळी बापूराव पेंढारकरांच्या हवालीं केली. धनी गेल्यावर मंडळी फुटावी, हा त्या काळचा सामान्य नियम. ललितकलादर्श त्यास अपवाद ठरली. पुढच्याच वर्षीं, १९२२ सालीं, तिनें वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणिलें. ज्या फंडासाठीं तिचा धनी परक्या नाटकांत उभा राहिला होता, त्या फंडाच्या मागची राजकीय जागृति आतां तिच्या स्वतःच्या नाटकांत उतरली होती. बापूराव १९३७ सालीं वारले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र, ज्यांचा जन्म केशवरावांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आंत झाला होता, त्यांनीं पुढें ती मंडळी संभाळली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि संगीत नाटक जिवंत ठेविलें. २०१५ सालीं तेहि गेले. एका अल्पायुषी नटानें हुबळीस लावलेलें रोप त्याच्या पश्चात् दोन पिढ्या फुलत राहिलें, हें बाजी मारण्याहून मोठें काम आहे.

कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं १९१५ सालीं पुरें केलेलें पॅलेस थिएटर पुढें केशवरावांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला पाठ लावून उभी असलेली ती वास्तु ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. जयंतीसाठीं यावयाचे ते लोक सकाळीं राखेपाशीं उभे राहिले, आणि त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतें. त्यांतील कोणीहि केशवरावांस पाहिलें नव्हतें, किंवा ऐकलें नव्हतें. तरीहि घरचें कोणी गेल्यासारखें त्यांस वाटलें, ह्यांत नवल नाहीं. आवाज गेला, देह गेला, साक्षीदार गेले. नांव घेण्यास एक वास्तु तेवढी उरली होती. ती पुन्हां उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, हें योग्यच झालें.

परंतु भिंती उभारून होणारें स्मारक अर्धेंच असतें. उरलेलें अर्धें आमच्यासारख्या वाचणारांच्या आणि लिहिणारांच्या हातीं आहे. जुन्या नटांचीं आत्मवृत्तें, मासिकांतील परीक्षणें, मंडळ्यांच्या जाहिराती, साथीदारांच्या घराण्यांतील सांगीवांगी, हें सर्व साहित्य विखुरलेलें आहे. तें गोळा करून, कोण कोणत्या पक्षाचा होता हें पारखून, ‘मानापमाना’च्या त्या रात्रींत प्रत्यक्ष काय घडलें ह्याचा शांतपणें शोध घेतला पाहिजे. प्रत्येक पिढीनें जुन्या वादांत आपली भर घालण्यापेक्षां हें काम फार अवघड, आणि फार उपयोगाचें. तें करणारानें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, १९२१ च्या जुलैंत दोन मानी पुरुष आपापला मान बाजूस ठेवून एका रंगमंचावर आले होते, आणि त्यांतील एकास तसें पुन्हां येण्यास फार दिवस मिळाले नाहींत.